परक्या घरची धार

चपला तिकडे काढा आणि या शिळेवरचा काळा ओघळ बघा. मोहाच्या दारूचा आहे तो. हसताय होय? हसा खुशाल, दारू म्हटलं की पाहुण्यांना हसू फुटतंच. पण इथे पहिली धार आधी देवाची आणि गेलेल्या माणसांची, उरली तर आपली. पानाचा दोणा कलता करायचा, गेलेल्याचं नाव घ्यायचं. नाव घेतलं नाही तर ती नुसती सांडलेली दारू.

फार मागची गोष्ट सांगतात. वरच्या पाड्यावर जात्री नावाची बाई होती. तिचा थोरला, नुऱ्या, शिकारीत गेला. खालच्या पाड्यातल्या खात्र्याने झुडूप हललं म्हणून, डुक्कर समजून बाण सोडला होता. चूक होती, हे साऱ्यांना ठाऊक होतं. तरी जात्रीच्या धाकट्याने, बिज्याने, धनुष्याला नवी दोरी चढवली. पंचांनी त्याला कसाबसा थोपवला. जात्रीने या शिळेवर पोराच्या नावाने धार सोडली तर वैर मिटलं, नाही सोडली तर बिज्या मोकळा, असं ठरलं.

जात्रीला दुसरा पोरगा घालवायचा नव्हता, म्हणून ती आली. दोन्ही पाडे समोरासमोर बसले. तिने दोणा उचलला, पण नाव काही तोंडातून निघेना म्हणे. नाव घेतलं की पोर मेलेल्यांत जमा झालं. कुठली आई आपल्या तोंडाने ते करील? ऊन कलायला लागलं, दोणा भरलेलाच. शेवटी बिज्या उठून उभा राहिला.

तेव्हा समोरून सोनकी उठली, खात्र्याची आई. तिच्या माणसांनी तिला मागे ओढलं, तरी ती आलीच. जात्रीच्या हाताखाली तिने आपला हात धरला.

"तुझ्याने होत नाही, बाई. मी घेते त्याचं नाव."

मग साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नुऱ्या, घे बाळा. आजपासून तू आमच्या घरचा."

धार पडली. जात्री तिच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. बिज्याने दोरी उतरवली. केवढं काळीज त्या दोघींचं! एकीने हात दिला, दुसरीने तो झिडकारला नाही.

आजही इथे कुणी आपल्या घरच्याचं नाव घेत नाही. वरचे खालच्यांच्या मेलेल्यांना हाक मारतात, खालचे वरच्यांच्या. आम्ही खालच्या पाड्याचे, म्हणून नुऱ्याचं नाव तुम्हाला सांगता आलं. वरच्या पाड्यात ते अजून कुणी घेत नाही. तिथे विचाराल तर म्हणतील, शिकारीला गेलाय, येईल.