चौघींत पुढे कोण

"मग या चौघींत पुढे कोण जाईल, आप्पा?"

खैरनार सरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. आप्पा देवीच्या देवळाच्या ओट्यावर बसून केरसुणी बांधत होते, आणि ती केरसुणी काही केल्या बांधून संपत नव्हती.

सरांनी वही पुढे सरकवली. जाड पुठ्ठ्याची, वर रबर चढवलेली. जिल्ह्यातल्या धावणाऱ्या पोरांत या वहीचा असा दबदबा होता की सरांना नमस्कार करताना पोरं आधी वहीकडे बघत.

आत चार पानं, चार पोरी. इथिओपियाची सेलाम, केनियाची जेरोप, जपानची हारुका आणि डोंगराखालच्या पाड्यावरची आपली हेमलता भोये. सगळ्या सोळा ते अठरा वर्षांच्या. प्रत्येकीची उंची, वजन, झोप, नाडीचे ठोके, तीन हजार मीटरची वेळ, त्यातल्या शेवटच्या फेरीची वेळ. हारुकाची आई किती उंच आहे, हेसुद्धा सरांनी कुठून तरी मिळवलं होतं.

आप्पा चष्म्याशिवाय वाचत नसत, आणि चष्मा त्यांना कधी सापडत नसे. म्हणून सरांनीच सगळं वाचून दाखवलं. जेरोप आठ मिनिटं अठ्ठावन्न सेकंद. सेलाम नऊ दोन. हारुका नऊ दहा.

"आणि आपली?"

"नऊ सव्वीस होती." सरांचा आवाज खाली आला. "परवा नऊ एक्केचाळीस."

हेमा खाली पायऱ्यांवर, त्यांच्याकडे पाठ करून बसली होती. सरांनी बस म्हटलं होतं, तिथेच. मीठ लावून पेरू खात होती. समोर भात कापलेला माळ, आणि माळाच्या टोकाला एकटं मोहाचं झाड.

याच माळावर सत्तावीस वर्षांपूर्वी आप्पांनी सरांना धावायला शिकवलं होतं. तेव्हा आप्पा खालच्या शाळेत पीटीचे मास्तर होते आणि त्यांच्या गळ्यात पितळी शिट्टी असे. सुधीर खैरनार राज्यात पहिला आला, देशात तिसरा आला, आणि एकोणिसाव्या वर्षी गुडघ्याचं निमित्त होऊन थांबला. पुढे तो दुसऱ्यांना धावायला लावू लागला आणि त्याचे खैरनार सर झाले.

आता अकरा दिवसांनी परदेशात शर्यत होती. या चौघी एकाच रेषेवर उभ्या राहणार होत्या. हेमाचं नाव कायम ठेवायचं की मागे घ्यायचं, हे उद्या दुपारपर्यंत कळवायचं होतं.

आणि सर घाबरले होते. महिनाभरात पोरीची वेळ रोज घसरत होती. सराव वाढवावा तशी आणखी घसरत होती. वेळ घ्यायची म्हटली की ती आधी जाऊन उलटी करून येई. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती तपासली, सगळं ठीक म्हणाले. पोरीच्या आत काहीतरी मोडतंय आणि काय ते आपल्याला दिसत नाही, या भीतीने सरांची झोप गेली होती. आपल्या झोपेची नोंद मात्र त्यांनी वहीत केली नव्हती.

"तिच्यात या तिघींपेक्षा काहीतरी कमी आहे," सर म्हणाले. "ते सापडत नाही. तुम्ही सांगा."

आप्पांनी केरसुणीला एक गाठ मारली.

"शर्यत संपली की त्या पोरी काय करतात?"

हे वहीत नव्हतं. पण सरांनी तिघींच्या शर्यती मोबाईलवर शंभरदा बघितल्या होत्या, त्यामुळे ते अडले नाहीत. सेलाम गुडघे टेकून जमिनीला कपाळ लावते. जेरोप तिथल्या तिथे उताणी पडते आणि हसत सुटते. हारुका वळून मैदानाला वाकून नमस्कार करते, मग पाणी पिते.

"आणि हेमा?"

"हेमा सरळ माझ्याकडे येते."

"तुझ्या तोंडाकडे बघत?"



"हाताकडे," ते म्हणाले.

सरांच्या उजव्या हातात स्टॉपवॉच होतं. गाडीतून उतरल्यापासून ते तिथेच होतं. आपण ते हातात धरलंय, हे त्यांना आत्ता कळलं.

आप्पांनी केरसुणी बाजूला ठेवून हात पुढे केला. सरांनी घड्याळ दिलं. आप्पांनी ते उलटसुलट करून पाहिलं, कानाला लावलं आणि कुठलं बटण दाबायचं ते विचारून घेतलं.

टिक्.

आवाज इतका बारीक की ओट्यावरची चिमणीसुद्धा उडाली नाही. पायरीवर हेमाचा हात पेरूसकट तोंडाजवळ थांबला.

टिक्.

हेमाने पेरू पायरीवर ठेवला.

टिक्.

तिने वाकून बुटाची नाडी सोडली आणि घट्ट बांधली. मग दुसऱ्या बुटाची. तिला कुणी हाक मारली नव्हती. तिने मागे वळूनही पाहिलं नव्हतं.

सर हसले. "पाहिलंत? कान किती तयार आहेत पोरीचे."

आप्पा हसले नाहीत.

हेमा उठली. शांतपणे चालत करवंदीच्या जाळीमागे गेली. थोड्या वेळाने तिकडून उलटीचा आवाज आला, मग पुन्हा एकदा आला.

सरांचं हसू तोंडावर तसंच राहिलं. त्याचं काय करावं, हे त्यांना कळेना. महिनाभर त्यांनी वहीत उलटीपुढे 'खाण्यात बदल करणे' असं लिहिलं होतं. दूध बंद केलं होतं, केळी बंद केली होती.

"हे… हे कधीपासून, आप्पा?"

"मला काय विचारतोस? वही तुझी."



मग आप्पा गुडघ्यावर हात देत उठले आणि देवीच्या बाजूच्या कोनाड्यातून काहीतरी घेऊन आले. त्यांनी ते सरांपुढे ठेवलं. जुनी पितळी शिट्टी होती. तिच्या तोंडात मेण ठासून भरलेलं होतं. मेण काळं पडलं होतं.

"तू धावणं सोडून गेलास ना, त्या साली भरलं."

सर शिट्टीकडे बघत राहिले. वय एक्केचाळीस. अंगात पाहुण्यांच्या हस्ते मिळालेलं जाकीट. शिट्टी वाजली नव्हती, वाजू शकत नव्हती, तरी त्यांचे खांदे हळूहळू वर कानापर्यंत गेले. ते खाली आणायला त्यांना जोर लावावा लागला.

"माझा गुडघा दुखावला होता, आप्पा."

"हो," आप्पा म्हणाले. "तेव्हाही तू मला हेच सांगितलं होतंस."

हेमा टाकीवर तोंड धुऊन आली आणि समोर उभी राहिली. ओठ पांढरे पडले होते.

"सर, तयार आहे मी."

सरांना तिच्याकडे बघवेना. काही बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण आप्पांनी मध्येच तिला जवळ बोलावलं. स्टॉपवॉचची दोरी तिच्या गळ्यात घातली. तिने ते शून्यावर आणलं; बटण कुठलं, हे तिला सांगावं लागलं नाही.

मग आप्पा सरांकडे वळले. "त्या मोहाला शिवून ये."

"मी?"

"जोरात."

गुरूने सांगितलं की का म्हणून विचारायचं नाही, हे सरांना याच माळावर शिकवलेलं होतं. त्यांनी जाकीट काढलं. पायऱ्या उतरून ते उभे राहिले, आणि उभं राहताच त्यांच्या पोटात खड्डा पडला. तो खड्डा त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. बावीस वर्षांत त्याची भेट झाली नव्हती, एवढंच.

ते धावले. पायांखाली भाताचे खुंट मोडत होते. गुडघा दुखला नाही, जरासुद्धा नाही, आणि याचीच त्यांना जास्त भीती वाटली. सगळं अंग पुढे चाललं होतं, कान तेवढे मागे राहिले होते. दहा पावलांवर आपण उशीर केला असं वाटलं, वीस पावलांवर खात्री झाली. मोहाला त्यांनी हात लावला की नाही, हे त्यांना नंतर आठवलं नाही.

परत येताना त्यांना देऊळ दिसलं नाही. आप्पा दिसले नाहीत. सतरा वर्षांच्या एका पोरीची मिटलेली मूठ तेवढी दिसत होती, आणि ती मोठी मोठी होत होती.

पायऱ्यांशी येऊन ते ओणवे झाले. छाती फुटायची बाकी होती. मान वर केली, ती त्या मुठीकडेच.

"किती?"

हा आवाज सरांचा नव्हता. एकोणीस वर्षांच्या सुधीरचा होता, आणि आप्पांनी तो लगेच ओळखला. त्यांनी मान खाली घातली.

हेमाने मूठ उघडली. घड्याळावर सगळी शून्यं होती.

"दाबलंच नाही, सर."

"का?"

तिने आप्पांकडे पाहिलं. मग सरांकडे. आपण बोलावं की नाही, याचा विचार करत ती क्षणभर थांबली. पहिल्यांदाच ती त्यांच्या हाताकडे न बघता तोंडाकडे बघत होती.

"तुम्ही खूप घाबरला होता," ती म्हणाली.

धाकट्या भावाला सांगावं, तसं तिने ते सांगितलं. मग टाकीवरून तांब्याभर पाणी आणून सरांना दिलं, आणि ते पिऊन होईपर्यंत शेजारी उभी राहिली. तांब्या तिने खालून धरून ठेवला होता.

आप्पांनी ओट्यावरची वही उचलली. वरचं रबर काढलं आणि पेनासकट ती सरांच्या मांडीवर ठेवली.

"सुधीर," ते म्हणाले, "चौघींत पुढे कोण, ते आता घड्याळाशिवाय लिही."