दोन्हीला चालेल अशी रायफल

“…म्हणजे चांदमारीलाही चालेल आणि सांबरालाही, अशी एकच. आहे का हो वस्ताद, तशी रायफल?”

वस्तादांनी मान वर केली नाही. खिंडीतल्या नाथाच्या मठीसमोर, सकाळच्या कोवळ्या उन्हात बसून ते कुदळीचा दांडा तासत होते.

विचारणारा इंद्रजित सरनोबत. इनामदारांचा थोरला. संस्थानच्या चांदमारीत, म्हणजे नेमबाजीच्या चढाओढीत, लागोपाठ दोन वर्षं पहिला आलेला, आणि हे समोरच्याला ठाऊक नसेल तर बोलण्याच्या ओघात ते त्याला कळेल एवढी काळजी घेणारा. खांद्याला दोन रायफली अडकवून तो चढ चढून आला होता. एक त्याची स्वतःची. दुसरी शहरातल्या दुकानदाराने पसंतीसाठी पाठवलेली. डोक्याला जरीकाठी फेटा, गेल्या वर्षी खुद्द राजेसाहेबांनी बांधलेला. डोंगरात शिकारीला जरीचा फेटा बांधून जाणारा सगळ्या संस्थानात हा एकटाच असावा.

वस्ताद खानविलकरांची उमेद पलटणीत गेली होती आणि पुढची वर्षं संस्थानच्या शिकारखान्यात. निम्म्या सरदारपुत्रांना बंदूक धरायला त्यांनीच शिकवलं. आता ते मठीची झाडलोट करत, वाफ्यात राबत आणि बारा महिने उघड्या डोक्याने हिंडत. म्हातारपणी डोक्यात उष्णता शिरली असेल, असं गाव म्हणे.

“ही कशी आहे?” वस्तादांनी तासणी न थांबवता विचारलं.

“ही माझी. हलकी. गोळी बारीक, धक्का जवळजवळ नाहीच. चाप असा, की बोट नुसतं टेकवायचा अवकाश. कागदावर हिच्यासारखी दुसरी नाही. पण सांबरासारख्या जनावराला…” इंद्रजित थांबला. “कमी पडते.”

“आणि ती?”

“ती जड. गोळी जाड. जनावर जागच्या जागी बसतं म्हणे. पण खांद्याचं पार भरीत करते. थोड्या गोळ्या झाडल्या की नेमाच्या फळ्यावर भोकं वाटेल तिथं पडायला लागतात. दुकानदार म्हणतो, या दोन्हींच्या मधली एक येते. चांदमारी तोंडावर आली आहे आणि तिला लागूनच राजेसाहेबांची शिकार. आज माणूस पाठवला तर वेळेवर मिळेल. तुम्ही फक्त हो म्हणा.”

हे सगळं तो एका दमात बोलला. बोलताना नजर मात्र पुन्हा पुन्हा डावीकडे जात होती. तिकडे भैरवदरी होती. दरीवर, खूप उंच, गिधाडं घिरट्या घालत होती.

वस्तादांनी दांडा डोळ्यासमोर धरून त्याचा बाक पाहिला.

“कमी पडते हे कधी कळलं?”

“…काल.”

“कुठं?”

“भैरवदरीत.”

“हं.”

वस्ताद पुन्हा दांडा तासू लागले. इंद्रजितला ते ‘हं’ सोसेना. रात्रभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. आता तरी कोणी ओरडावं, रागवावं, काहीतरी म्हणावं, असं त्याला झालं होतं.

“मोठं सांबर होतं वस्ताद. शिंगांचं. दरीच्या पलीकडच्या धारेवर उभं.”

“पलीकडच्या?”

“जवळ जायला गेलो असतो तर बुजलं असतं.”

वस्तादांनी एकदा त्याच्या फेट्याच्या जरीकडे पाहिलं. ऊन पडून ती छान चमकत होती.

“मग?”

“मग अलीकडूनच झाडली. तुम्ही शिकवलंत तसंच सगळं केलं. श्वास धरला. हात केसभर हलला नाही. अगदी केसभरसुद्धा नाही! फळ्यासमोर उभा राहतो तसाच उभा होतो. मनात काही म्हणजे काही आलं नाही.”

“काहीच आलं नाही?”

“काहीच नाही,” इंद्रजित जरा ताठ होत म्हणाला. मग त्याचे खांदे आपोआप उतरले. “गोळी मागं लागली. पोटात असेल, नाहीतर मांडीत. ते खाली बसलं, पुन्हा उठलं आणि दरीत उतरलं. म्हणून म्हणतो, रायफल कमी पडली.”

“रक्त दिसलं?”

“धारेवर जाऊन पाहिलं. होतं थोडं.”

“त्यावर काय ठेवलंस?”

नेमकं हेच विचारू नये म्हणून तर इंद्रजित आल्यापासून रायफलींबद्दल बोलत होता.

त्या डोंगरपट्ट्यातल्या शिकाऱ्यांची एक रीत होती. जनावर जखमी होऊन निसटलं, तर जिथं पहिलं रक्त दिसेल तिथं मारणाऱ्याने आपलं पागोटं उतरून ठेवायचं. जनावर सापडेपर्यंत डोकं उघडं. जेवायला बसायचं तेही उघड्या डोक्याने, दरबारात जायचं तेही तसंच. माग हरवू नये म्हणून ही खूण, असं कोणी सांगे. कोणी म्हणे, ती लाज आहे. आणि आपल्याकडे कर्त्या माणसाने उघड्या डोक्याने गावातून जाणं म्हणजे घरात कोणी गेल्याची वर्दी. बघणारा विचारल्याशिवाय राहत नाही.

“…दगड ठेवला,” इंद्रजित म्हणाला.

“दगड.”

“बरोबर बिरू धनगर होता. तो म्हणाला, मालक, फेटा ठिवा. मी म्हटलं, हा राजेसाहेबांच्या हातचा आहे, रक्तावर कसा ठेवू? तर म्हणाला, मग माझं मुंडासं ठिवतो. मीच नको म्हटलं. त्याने ठेवलं असतं तरी गावाला कळलंच असतं, की कोणाच्या गोळीचं ते.”

“मग उतरलात दरीत?”

“अंधार पडत होता.”

“आणि आज उजाडल्यावर?”

आज उजाडल्यावर इंद्रजित इथं आला होता. खांद्याला दोन रायफली लावून, तिसरीची चौकशी करायला.

वस्तादांनी तासणी खाली ठेवली. डोळ्यांवर हाताची सावली धरून त्यांनी प्रथमच भैरवदरीकडे पाहिलं.

“गिधाडं दिसतायत ना?”

“सकाळपासून आहेत.” इंद्रजित घाईने म्हणाला. “म्हणजे मेलंच असेल आता. नाही का? मेलंच असणार. मग आता जाऊन तरी काय…”

“अजून उतरली नाहीत.”

वस्तादांनी डोळ्यांवरचा हात खाली घेतला.

त्याचा अर्थ समजायला इंद्रजितला एक क्षण लागला. कालच्या संध्याकाळपासून आतापर्यंतचा सगळा वेळ त्याच्या डोळ्यांपुढून गेला. तो जेवला होता. वडिलांशी दुकानदाराबद्दल बोलला होता. गादीवर या कुशीवरून त्या कुशीवर झाला होता. आणि तेवढा सगळा वेळ तिकडे दरीत ते जनावर पोटात गोळी घेऊन…

वस्ताद उठले. त्याच्यासमोर येऊन त्यांनी हात पुढे केला.

इंद्रजितने हलकी रायफल त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती भिंतीला टेकवून ठेवली आणि पुन्हा हात पुढे केला.

त्याने जड रायफल दिली. तीही भिंतीला लागली.

हात तिसऱ्यांदा पुढे आला.

आता देण्यासारखं काही उरलं नव्हतं. इंद्रजित त्या रिकाम्या हाताकडे बघत राहिला. तो हात खाली येईना. म्हातारा माणूस, पण हात लांबवून तसाच उभा.

शेवटी इंद्रजितने दोन्ही हातांनी फेटा उचलला आणि त्यांच्या हातावर ठेवला. डोक्याला गार वारा लागला. अंगावरचे कपडे काढून घेतल्यासारखं त्याला वाटलं.

“रायफली घे,” वस्ताद म्हणाले. “दोन्ही घे.”

भैरवदरीची वाट गावातून जात होती. दुसरी वाट नव्हती, आणि असती तरी ती दाखवणारे हे वस्ताद नव्हेत. फेटा काखेत मारून ते पुढे चालत होते. मागून इंद्रजित, मान खाली घालून. त्याची पाचावर धारण बसली होती. सुताराने रंधा थांबवला. दोन म्हातारे बोलता बोलता गप्प झाले. आता हे घरी कळणार. मग वाड्यावर, मग दरबारात. चांदमारीचा पहिला नंबर, आणि एक सांबर धड मारता आलं नाही!

पाणवठ्यावर सखूकाकी घागर घासत होती. तिने मालकांचं उघडं डोकं पाहिलं आणि घागर तिच्या हातातून खाली आली.

“अगं बाई! कोन गेलं वो मालक?”

वस्ताद थांबले. इंद्रजितने त्यांच्याकडे आशेने पाहिलं. ते कुठंतरी भलतीकडेच बघत होते.

“अजून… अजून गेलं नाही काकी,” इंद्रजित म्हणाला. “सांबर आहे. दरीत पडलंय. माझ्या गोळीने.”

“जित्तं हाय?”

“हो.”

“कालधरनं?”

“…हो.”

“मग हितं हुबं काय ऱ्हायलाय मालक!” सखूकाकी कडाडली. “पळा की!”

ती हसेल, तोंडाला पदर लावेल, चार बायकांना सांगेल, असं काय काय त्याने मनात रंगवलं होतं. तिने यातलं काहीच केलं नाही. त्याच्या फेट्याशी, नंबराशी, इनामाशी तिला काडीचं देणंघेणं नव्हतं. आणि तिचं ते ‘पळा की’ कानात शिरल्यावर इंद्रजितची भीती जागची हलली. लाजेची होती, ती वेळेची झाली. आता त्याला एवढंच वाटत होतं, की उशीर झालाय. पुढच्या वळणावर त्याने वस्तादांना मागं टाकलं.

चढ लागला तेव्हा वस्तादांना धाप लागली आणि त्याला थांबावं लागलं. तेवढ्यात त्याचं लक्ष त्यांच्या डोक्याकडे गेलं. उन्हाने करपलेलं, उघडं, कित्येक वर्षं तसंच. हे डोकं तो लहानपणापासून बघत आला होता. कधी विचारलं नव्हतं.

आताही विचारलं नाही. त्याला एकदम रडू येईलसं वाटलं.

धारेवरचा दगड सापडला. इंद्रजितने तो स्वतः बाजूला केला. खाली रक्त सुकून काळं पडलं होतं. तो तिथंच उकिडवा बसला आणि काल इथं उभं राहून आपण रायफलीला शिव्या घातल्या होत्या, हे त्याला आठवलं. वस्तादांनी काखेतला फेटा काढून त्याच्याकडे दिला. त्याने तो त्या डागावर ठेवला. जरीचा काठ मातीत गेला. त्याचं त्याला काही वाटलं नाही.

तिथून दोघे दरीत उतरले.

माग मिळत गेला. मोडलेली कारवी, पानावर तपकिरी थेंब, घसरलेल्या खुरांची लांब रेघ. मध्येच एका जागी गवत दबून सपाट झालं होतं. तिथं ते रात्री बसलं असावं. दबलेल्या गवतावरून इंद्रजितने हात फिरवला आणि चटकन मागं घेतला. गवत अजून कोमट होतं.

पुढे उंबराच्या वाळक्या फांदीवर एक गिधाड येऊन बसलेलं होतं. मान आखडून, कुठलीही घाई नसल्यासारखं.

“वस्ताद…”

वस्तादांनी ओठांवर बोट ठेवलं.

समोर कारवीचं दाट रान होतं. त्याच्या आत कोणीतरी श्वास घेत होतं. मोठा, खरखरीत श्वास. मध्येच तो तुटे. मग खूप वेळाने पुन्हा सुरू होई. त्या मधल्या वेळात इंद्रजितचाही श्वास अडकत होता.

रानात वाकून, जवळजवळ रांगत शिरावं लागणार होतं. दोन रायफली घेऊन शिरणं अशक्य. आणि आत ते जखमी जनावर, हातभर शिंगांचं, अंगावर आलं तर पळायला वाव नाही. चुकून पुन्हा भलतीकडे गोळी लागली तर आणखी एक दिवस, आणखी एक रात्र…

त्याने दोन्ही रायफली खांद्यावरून उतरवल्या. काडतूस काढायला खिशात हात घातला. काडतूस बोटांतून निसटलं. उचललं, पुन्हा निसटलं. त्याने आपले हात पाहिले, आणि ते आपले आहेत हे त्याला खरं वाटेना.

“वस्ताद,” तो कुजबुजला. “आत एकच नेता येईल. कुठली घेऊ? सांगा लवकर. हात बघा माझे… असे कधी झाले नव्हते. पायाशी फळा मांडला तरी नेम लागणार नाही या हातांनी.”

वस्तादांनी त्याचे हात पाहिले. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आत श्वास तुटला आणि पुन्हा सुरू झाला.

“थरथरतायत?”

“हो.”

“काल हलले नव्हते. मग आता कुठलीही घे.”