टिकली मधमाशी आणि कापडी तोरण

तोरणं दोन होती, की तीन? आप्पांना आता नीट आठवत नाही. एक लाल होतं, एक पिवळं होतं. बहुतेक दोनच असावीत.

दसऱ्याची सकाळ होती. टिकली मधमाशी आली. गुणगुण गुणगुण! टिकली होती टिकलीएवढी. पण भूक केवढी? एवढ्ढी!

दरवर्षी दारावर झेंडूचं तोरण असे. आज दारात माई उभ्या होत्या. एका हातात लाल तोरण, एका हातात पिवळं. दोन्ही कापडाची.

टिकली पिवळ्या फुलावर बसली. टुप! सोंड घातली.

"अगंबाई! मध कुठं गेला?"

फूल म्हणालं, "मी कापडाचं. माझ्यात कुठला मध? फुलपुडीत एक खरा झेंडू आहे. तो सुईला इथं ओवायला सांग."

गुणगुण गुणगुण!

"सुई, सुई, झेंडू ओव ना!
मला मध मिळेना!"

सुई म्हणाली, "दोऱ्याशिवाय कशी ओवू? दोरा तर पुडीला बांधलाय. त्याला सुटायला सांग."

गुणगुण गुणगुण!

"दोऱ्या, दोऱ्या, सूट ना!
सुई ओवेना,
मला मध मिळेना!"

दोरा म्हणाला, "माझ्या शेपटावर मनी बसलीय. कसा सुटू? तिला उठव."

गुणगुण गुणगुण!

"मनी, मनी, ऊठ ना!
दोरा सुटेना,
सुई ओवेना,
मला मध मिळेना!"

मनी म्हणाली, "म्यांव! आधी दूध, मग उठणं. माईला सांग."

गुणगुण गुणगुण!

"माई, माई, दूध दे ना!
मनी उठेना,
दोरा सुटेना,
सुई ओवेना,
मला मध मिळेना!"

माई म्हणाल्या, "कशी देऊ गं? हात बघ माझे! यांचं ठरलं, की देते. अहो, लाल की पिवळं?"

आप्पा म्हणाले, "लाल बरं. पण भिंतही लालच! मग पिवळं? पण ते मळेल. मग लाल? छे, काही कळत नाही!"

"लग्नात तरी एवढा विचार केलात का?"

"तेव्हा तूच ठरवलंस!"

गुणगुण गुणगुण!

"आप्पा, आप्पा, ठरवा ना!
माई दूध देईना,
मनी उठेना,
दोरा सुटेना,
सुई ओवेना,
मला मध मिळेना!"

"बापरे! सगळं माझ्यामुळं अडलं?" आप्पा आणखीच गोंधळले. "तूच सांग, टिकले."

"मी?" टिकलीही गोंधळली. इकडे गेली, गुणगुण. तिकडे गेली, गुणगुण. आणि बसली पुन्हा पिवळ्यावर. टुप!

"अगं, त्यात मध नाही ना?"

"नाही. पण दिसतंय किती छान!"

"ठरलं!" आप्पा ओरडले. "पिवळं!"

आप्पांचं ठरलं. पिवळं तोरण दारावर चढलं.
माईंनी दूध दिलं. लप लप लप!
मनी उठली. म्यांव!
दोरा सुटला. सर्रर्र! पुडी उघडली.
सुईनं झेंडू ओवला. टुचुक!
कापडी फुलांत एकच खरा झेंडू.
टिकलीला मध मिळाला. सुर्र सुर्र सुर्र!

पण पिवळंच बरोबर होतं का? आप्पांना कितीतरी दिवस शंका वाटायची.

खूप खूप वर्षांनी त्यांनी एका जाड पुस्तकात पाहिलं. मधमाशीला लाल रंग नीट दिसत नाही. पिवळा मात्र छान दिसतो.