पोचवायला आलेले गुरुजी

एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध गुरुजींकडे मोबाइल घेऊन आला. पूर्वी शिष्य समिधा घेऊन येत. काळ बदलला, एवढेच.

शिष्याची आई वर्षापूर्वी वारली होती आणि तेव्हापासून वडिलांचे चित्त थाऱ्यावर नव्हते. डॉक्टरांनी रोज फिरायला सांगितले, म्हणून या हुशार मुलाने चालणाऱ्यांचे मन शांत करणारे एक ॲप खास त्यांच्यासाठी तयार केले. त्यातला मृदू आवाज वाटभर म्हणे, "श्वास घ्या. खांदे सैल सोडा. पक्ष्यांकडे लक्ष द्या." मागे बासरी. वडील आठवडाभर फिरले, आणि मग चालणेच सोडून खोलीत बसून राहिले.

"गुरुजी, आवाज बदलला, बासरी काढून तानपुरा घातला. काय चुकतंय तेच कळत नाही. ते असेच बसून राहिले तर... मला भीती वाटते हो."

गुरुजींनी मोबाइलकडे पाहिलेही नाही. चहा पाजला आणि म्हणाले, "चल, तुला पारापर्यंत पोचवतो."

पाहुण्याला पोचवायला जायची आपली रीतच आहे. पारापर्यंत जायचे, 'या पुन्हा' म्हणायचे आणि मागे वळायचे. पण गुरुजी वळेचनात! पार गेला, शाळा गेली, पूल आला. गुरुजी बोलतच होते. "सावकाश चाल. तो बगळा पाहिलास? खांदे का आवळलेस?" शिष्याला ना बगळा दिसे ना रस्ता. यांचे गुडघे दुखत असतील, यांना परत कोण नेणार, याच घोरात तो होता. अखेर न राहवून म्हणाला, "गुरुजी, आता मागे फिरा ना." गुरुजी निमूट वळले, पण एवढ्या वृद्धाला एकटे कसे सोडायचे? शिष्य त्यांना घरापर्यंत पोचवायला गेला. दारात येताच गुरुजी म्हणाले, "चल, तुला पोचवतो."

शिष्य रडकुंडीला आला. "माझं काही चुकलं का, गुरुजी? मला काहीच उमगेना!"

गुरुजी पायरीवर टेकले. "बाळा, पोचवायला येणं ही माया. पण मागे कुठे वळायचं हे ज्याला कळत नाही, त्याची माया मानगुटीवर बसते. मघाशी तू चालत होतास, पण सगळं लक्ष माझ्याकडे. तुझा तो आवाज कुठल्या वळणावरून मागे फिरतो?"

शिष्याने हातातल्या मोबाइलकडे पाहिले. तो आवाज मागे फिरतच नसे.

घरी जाऊन त्याने ॲप बदलले. आता आवाज म्हणे, "चला, कोपऱ्यापर्यंत येतो," आणि कोपरा आला की "या सावकाश" म्हणून थांबे. वडिलांना त्याने कसेबसे बाहेर काढले आणि स्वतः दारात घुटमळत राहिला. आपण काही बिघडवले तर नाही ना, हेही त्याला कळेना.

वडील बऱ्याच वेळाने परतले. डोळे ओले होते, चेहरा मात्र निवळलेला.

"कसं वाटलं, बाबा?"

"बरं वाटलं. कोपऱ्यापासून पुढे तुझ्या आईशी बोलत गेलो," चप्पल काढत ते म्हणाले. "अरे, तुझा तो माणूस सारखा बोलायचा ना, तेव्हा तिला तोंडच उघडता यायचं नाही."