पहिल्या दळणाचा रोट

तळमाळ गावात शिरताना वेशीच्या उजव्या हाताला, लिंबाखाली, एक भलेमोठे जाते आहे. त्याला छप्पर नाही आणि मालकही नाही. खुंटा मात्र दरवर्षी नवा, बाभळीचा. भैरोबाचे देऊळ बघायला आलेल्या पाहुण्यांना बाबूतात्या आधी इथे थांबवतात. तात्या सावकाश बोलतात, आणि पाहुणा घड्याळाकडे बघू लागला तर आणखी सावकाश. "देव कुठं जात नाही," ते म्हणतात, "आधी तिमव्वाचं ऐका."

फार वर्षांपूर्वी, असे सांगतात, पाथरवटांचा एक तळ या लिंबाखाली उतरला होता. तिमव्वा त्यातलीच. तिचा नवरा त्याच हिवाळ्यात खाणीत दगडाखाली सापडून गेला होता. मूलबाळ नव्हते. तळ हलायच्या दिवशी ती तापाने फणफणली होती. दिराने छिन्नी-हातोडा तिच्या उशाशी ठेवला आणि म्हणाला, "बरी झालीस की ये मागनं." कुठे यायचे ते सांगितले नाही.

वेशीजवळ चिमाई राहत असे. नवरा आणि दोन्ही मुलगे पटकीत गेलेले, म्हातारीच्या तोंडात दात नाही आणि घरात माणूस नाही. तिने तिमव्वाला आत नेले, पेज पाजली. सातव्या दिवशी ताप उतरला तशी तिमव्वा जायची भाषा करू लागली. "जा की," चिमाई म्हणाली, "पर आधी माझ्या जात्याचं बघ." जात्याचा वरचा दगड मधोमध चिरलेला होता. तो दुरुस्त होणारा नव्हता, आणि हे चिमाईला तिच्याइतकेच ठाऊक होते.

तिमव्वा राहिली. घरोघरी जाऊन ती गुळगुळीत झालेली जाती छिन्नीने टाकवून पुन्हा खरबरीत करून देई. निघताना बजावे, "पहिलं दळण गुरांना घाला. त्यात दगडाची कच असते. चाळणीला सापडत नाही, दाताला सापडते." बायका हो म्हणत, सूपभर ज्वारी देत आणि दार लावून घेत. तिचे नावही कोणी विचारले नाही. सगळ्यांची ती 'जातेवाली'.

गावचे रखमाजी पाटील माणूस वाईट नव्हते, पण त्या साली आड आटत चालला होता. पाडव्याला त्यांनी निरोप धाडला, "आखितीपर्यंत राहा. पुढं आडाचं पाणी गावच्यांनाच." आणि गावचा कोण, ते ठरवायची रीत जुनी होती. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, प्रत्येक घर आपल्या जात्यावरचे मूठभर पीठ देवळात आणी. त्या सगळ्या पिठाचा एकच रोट भैरोबाला चढे. ज्याचे पीठ रोटात, तो गावचा.

"मग जातं घडव," चिमाई म्हणाली. "समद्या गावाची टाकवलीस, एक आपलं कर."

तेव्हा कुठे तिमव्वाच्या ध्यानात आले म्हणे, की शेकडो जाती तिच्या हाताखालून गेली, पण तिचे असे एकही नव्हते. चालत्या तळात एवढा दगड वाहणार कोण? ज्याला उद्याही इथेच उठायचे आहे, त्याच्या घरात जाते असते. तिला ते हवे होते. इतके हवे होते, की तोंडाने बोलायची भीती वाटत होती.

महिनाभर तिने दुसऱ्या कोणाचे काम घेतले नाही. पहिला दगड अर्ध्यावर फुटला. दुसरा काळाकभिन्न, छिन्नीला दाद न देणारा. आखितीच्या दिवशी तांबडे फुटले तेव्हा कुठे त्यात खुंटा बसला. घरात ज्वारी उरली होती ओंजळभर. दोघींनी समोरासमोर बसून खुंटा धरला. पीठ पडले. तिमव्वाने चिमूटभर जिभेवर ठेवले आणि तिचे तोंड उतरले. कचकच.

गुरांना घालावे तर देवळात न्यायला काही उरत नव्हते. न सांगता न्यावे तर दिसायला पीठ चांगले पांढरेशुभ्र होते, सगळ्यांच्या पिठात मिसळून गेले असते. खाताना कच लागली असती, पण कोणाच्या जात्याची, ते कोण सांगणार?

"चल, उशीर नको," चिमाई म्हणाली.

देवळात परात भरत आली होती. तिमव्वा वाटी घेऊन पुढे गेली आणि थांबली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पाटील, हे माझ्या जात्याचं पीठ हाय. पर पहिलं दळण हाय, कच हाय यात. देवाचा रोट नासंल. मिसळू नका. मी उद्या निघते."

कोणी काही बोलायच्या आत चिमाईने तिच्या हातातली वाटी घेतली, परातीत उपडी केली आणि कोपरापर्यंत हात घालून पीठ कालवले.

"म्हातारे!" पाटील ओरडले.

"वरडू नगंस, रखमा. तुझी आय नवी आली तवा वरीसभर तिची भाकरी करपायची. तुझ्या बानं खाल्लीच की!" मग ती बायकांकडे वळली. "आन तुमच्यातली कोण गं या गावात जन्मली? समद्याच बाहेरनं आलेल्या. पहिलं वरीस कुणाचं मऊ गेलं, सांगा बरं?"

कोणी हसल्या, कोणी पदर डोळ्यांना लावला. मग एक जण पुढे झाली आणि गुमान पीठ मळायला बसली.

रोट भाजला, भैरोबाला दाखवला, मोडला. पहिला घास पाटलांचा. कच् असा आवाज सगळ्या देवळाला ऐकू आला. तिमव्वा त्यांच्या जबड्याकडे टक लावून बघत होती. पाटील चावत राहिले. बराच वेळ चावत राहिले. शेवटी गिळले, वर तांब्याभर पाणी प्याले आणि म्हणाले, "पुढल्या आखितीला बारीक आण."

पुढल्या आखितीला! नवरा गेला तेव्हाही न रडलेली तिमव्वा देवळाच्या पायरीवर बसून ओक्साबोक्शी रडली म्हणे.

पुढे कितीतरी वर्षांनी चिमाई गेली. तिच्यापुढे मडके धरून तिमव्वा चालली, आणि गावात कोणी 'ही कोण' म्हणून विचारले नाही. दिवस झाल्यावर तिने आपले जाते अंगणातून काढून लिंबाखाली मांडले, जिथे तिचा तळ उठला होता तिथेच.

आजही आखितीच्या आदल्या दिवशी या जात्याला टाकी लावतात. वर्षभरात गावात नवी आलेली सून, शाळेतले मास्तर, वीटभट्टीवरचे बिऱ्हाड, जे कोणी असेल ते त्यावर पहिले दळण दळते. ते गुरांना घालत नाहीत. सगळे गाव त्याचा रोट खाते, आणि तोंड वाकडे करायचे नाही असा दंडक आहे.

तात्या स्वतः चाळीस वर्षांपूर्वी मुक्कामी एसटीचे कंडक्टर म्हणून इथे आले, एकटे, एक पत्र्याची पेटी घेऊन. त्यांच्या रोटात तेव्हाच्या सरपंचांचा दात गेला. सरपंचांनी तो तुकडा तळहातावर घेतला, नीट बघितला आणि म्हणाले, "बाबू, पुढल्या आखितीला बारीक आण."

एवढे सांगून तात्या उपरण्याने जात्यावरचा पाचोळा झाडतात. मग म्हणतात, "चला, आता देव बघू."