पहिल्या बाकाची कहाणी

ऐका बायांनो, प्रभूच्या लेकींनो, उद्या प्रभूच्या मेजाला, त्याच्या भाकर-रसाला बसायचंय, तर आज तुमची कहाणी ऐका.

आटपाट नगर होतं, नगरात प्रभूचं देऊळ होतं. देवळात ना सोनं ना रुपं. एक मेज, मेजापुढं एक बाक, बाकी सारी चटई. घंटा वाजली की बाया डोईची घागर खाली ठेवीत, बाप्ये वेशीपासून वहाणा हातात घेत. देव पवित्र आहे, हे तिथं लेकराला सांगावं लागत नसे.

मग सुबत्ता आली. चटई गेली, बाक आले. वहाणा आत आल्या. प्रार्थना चाले अन् मागं म्हशीचा सौदा ठरे. हसू नका गं, तुमच्याही माना मागं वळतात, मी बघते.

त्या नगरात दोघी जावा होत्या. थोरली लुदियाबाई, मेजाची भाकर करी. धाकटी तबीथा, मेजाचा द्राक्षरस काढी. एका रविवारी लुदियाबाईनं पहिल्या बाकावर शाल टाकून जागा धरली. तबीथानं शाल सारली अन् बसली. झालं! थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

“ऊठ! हा बाक माझ्या सासऱ्यानं बसवलाय.”

“अन् माझा तो कोण? शेजारी?”

मेजासमोर भांडल्या हो! मग घरात भिंत घातली, दोन चुली झाल्या. दोघींतून विस्तव जाईना. देवळाचे पाळक म्हणाले, “बायांनो, समेट करा.” दोघी म्हणाल्या, “करू की, पुढल्या वेळी.” अन् तशाच मेजाला येत राहिल्या. कुणाला त्यात वावगं वाटेना.

मग सासू अंथरुणाला खिळली. ती मधल्या खोलीत, एक दार थोरलीकडं, एक धाकटीकडं. म्हणाली, “आता माझं काही खरं नाही. मला मेजाची भाकर द्या.”

पाळक भाकर-रस घेऊन आले. सासूनं विचारलं, “भाकर कुणी केली?” “थोरलीनं.” “रस कुणी काढला?” “धाकटीनं.” “दोघी बोलतात का?” “नाही.” “मग राहू द्या. एका प्रभूची भाकर, दोन चुलींची मला गिळवत नाही.”

मग पाळक दुसऱ्यांदा आले. पुन्हा तेच विचारणं, पुन्हा तेच “नाही.” मग तिसऱ्यांदा आले. म्हातारीनं काहीच विचारलं नाही. भिंतीकडं तोंड केलं अन् म्हणाली, “मी उपाशीच जाईन त्याच्याकडं.”

प्रभू मरणातून उठला, तो पुनरुत्थानाचा सण उद्यावर आला. लुदियाबाई कणीक मळायला बसली. मळता मळता हात थांबले. मनात म्हणाली, आई उपाशी गेली तर प्रभू मला विचारील, तुझी भाकर तिला का गेली नाही? मी काय सांगू, बाकासाठी? तिला रडू फुटलं. कणकेचे हात घेऊन तशीच उठली. देवळात कधी काढली नव्हती ती वहाण जावेच्या दारात काढली.

“तबीथा, मी चुकले गं. बाकावर तू बस. माझी शाल अंथरून बस.”

“अगं बाई! आक्का, अनवाणी आलात? अन् शाल तर मी सारली होती. मीच चुकले.” तबीथानं तिचे कणकेचे हात तसेच गळ्याशी धरले. मग दोघींनी एका परातीत कणीक मळली अन् एकाच चुलीवर भाकर भाजली.

आळीनं ते बघितलं. मग कुणी भावाकडं गेलं, कुणी सुनेकडं. ज्याला त्याला आपलं दार आठवलं.

सकाळी घंटा वाजली. वेशीपासून वहाणा हातात आल्या. माणूस अन् माणूस खाली बसलं, बाकाकडं कुणी बघेना. पाळकांनी तोंड उघडलं, “पवित्र” एवढंच म्हणाले अन् गुडघे टेकले. अख्खं देऊळ गुडघ्यावर आलं. किती वर्षांनी गं, किती वर्षांनी!

तेवढ्यात दोघी जावा सासूला हातांवर उचलून आल्या. कुठं बसवावं? पहिला बाक मोकळा होता. म्हातारी टेकली अन् हसली.

“तुमच्या सासऱ्यानं हा बाक का बसवला, ठाऊक आहे? ज्याला खाली बसवत नाही, त्याच्यासाठी. धडधाकटानं यावर बसायचंच नव्हतं, पोरींनो.”

दोघींनी शाल भुईवर अंथरली, त्या एकाच शालीवर दोघी बसल्या, सासूच्या पायाशी. म्हातारीनं भाकर घेतली, रस घेतला अन् म्हणाली, “आता पोट भरलं.”

तेव्हापासून तो बाक दुखणेकऱ्याचा, थकल्याचा. अन् मेजाच्या आदल्या दिवशी बाया वसा घेतात. काय करावं? ज्याच्याशी बोलणं तुटलं, त्याच्या दारी वहाणा काढाव्या. आधी तिथं वाकावं, मग देवापुढं वाकावं. फुगू नये, रुसू नये, उद्यावर ढकलू नये.

जशी त्या जावांची भाकर सासूला गोड लागली, तशी तुमची-आमची लागो. जसा त्या देवळात देवाचा धाक अन् देवाचा आनंद परतला, तसा आपल्याही परतो. साठां उत्तरांची कहाणी पाचां उत्तरीं मेजापाशी सुफळ झाली. उठा आता, अन् त्या मागच्या दोघी, तुम्ही आधी.