आळीच्या तोंडाशी बांधलेलं सूत

फार पूर्वी, बैलाच्या पायांपेक्षा जास्त वेग कुणाला ठाऊक नव्हता तेव्हा, एका गावात विणकरांची एक आळी होती. आळी अरुंद होती, दोन्ही बाजूंना घरं, घरांपुढे बसके ओटे. गावातून बाजाराकडे जायची सरळ वाट आळीतूनच होती.

या आळीत सकाळी पाजणी चालायची. पाजणी म्हणजे मागावर चढवायचे लांब धागे वाटेतच ताणून धरायचे आणि कुंच्यानं त्यांना खळ लावायची. उन्हं चढेपर्यंत अर्धी आळी सुतानं अडलेली असायची. त्यामुळे गाडी कुणाचीही असो, गाडीवान आळीच्या तोंडाशी खाली उतरायचा, कासरा हातात धरायचा आणि बैल चालवत न्यायचा. सुतात शिंग अडकलं तर आठवड्याची मेहनत मातीत जायची, म्हणून हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. आणि गाड्या अशा चालीनं जात, म्हणून पोरं खुशाल वाटेत खेळायची, म्हाताऱ्या मधोमध बसून शेंगा सोलायच्या.

पुढे नदीपलीकडच्या गावात खळ लावलेलं तयार सूत मिळू लागलं. पाजणी बंद झाली, वाट मोकळी झाली. मोकळी वाट दिसली की माणसाच्या अंगात येतं. गाडीवान उतरेनासे झाले. आधी बसल्या बसल्या हळू हाकू लागले, मग जरा जोरात, मग चाबूक काढून. सूत नव्हतं, पण पोरं तिथंच होती, म्हाताऱ्याही तिथंच होत्या. ते मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. आळीनं इतकी वर्षं सुताला जपलं होतं आणि माणसं आपोआप जपली गेली होती.

एकाची शेळी चाकाखाली गेली, एका म्हाताऱ्याच्या पायावरून चाक जाता जाता राहिलं. तेव्हा देवळाच्या पारावर बैठक बसली. गाड्या फार पळतात यावर सगळ्यांचं एकमत झालं. कुणाच्या पळतात, यावर मात्र प्रत्येकानं शेजाऱ्याकडे बोट दाखवलं. एक म्हणाला, वाटेत दगड पुरा. दुसऱ्यानं लगेच विचारलं, माझ्याच गाडीचा आस मोडला तर? कुणी खड्डा सुचवला, तर पावसाळ्यात दारात डबकं नको म्हणून तोही बारगळला. दिवे लागायची वेळ झाली तरी वाद मिटेना.

त्या आळीत एक म्हातारी होती. पाजणीत तुटलेली सुतं सांधण्यात तिची हयात गेली होती. सगळी आळी तिला आत्या म्हणायची. ती उठली आणि म्हणाली, "दगड नको, खड्डा नको. मी रोज सकाळी आळीच्या तोंडाशी एक सूत बांधीन. सुतासाठी उतरत होता ना? मग उतरा."

लोक हसले, पण फुकटचा उपाय होता म्हणून कुणी नाही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी आत्यानं लिंबाच्या झाडापासून समोरच्या खांबापर्यंत बैलाच्या छातीच्या उंचीवर एक साधं सूत बांधलं. पोरानं फुंकर मारली तरी हलेल असं. पण विणकराच्या हातून जाणूनबुजून सूत तुटत नाही, ते पाप वाटतं. गाडी आली की गाडीवान उतरायचा, सुताचा फास सोडायचा, बैल पलीकडे न्यायचा आणि फास पुन्हा अडकवायचा. एवढं उतरल्यावर चार पावलांसाठी परत वर चढायचा कंटाळा येई, म्हणून तो आळी संपेपर्यंत चालतच जायचा. आळी पुन्हा पहिल्यासारखी झाली.

या आळीत एक विणकर होता. हाताचा कसबी, पण स्वभावानं उतावळा. त्याच्याकडे पळाऊ खोंडांची जोडी होती आणि तिचा त्याला फार अभिमान होता. आठवडी बाजारात चिंचेखाली सावलीची एकच चांगली जागा होती, जो आधी पोचेल तो तिथं लुगडी मांडून बसायचा. बाकीच्यांनी दिवसभर उन्हात तापायचं. त्या सावलीवर याचा भारी जीव.

त्याला आठ वर्षांची मुलगी होती, सगुणा. सगुणा सारा दिवस आत्याच्या ओट्यावर असायची. आत्याची नजर अधू झाली होती, म्हणून तिनं या पोरीला गाठ शिकवली. पोरीची बोटं अशी की तिनं मारलेल्या गाठीवरून हात फिरवला तरी गाठ लागायची नाही. बाप येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून ती गाठ दाखवायचा. असे हात पिढीत एखाद्यालाच मिळतात, ही मागावर बसेल तेव्हा गावाचं नाव होईल, असं सांगताना त्याचा ऊर भरून यायचा.

एका बाजाराच्या दिवशी त्याला निघायला उशीर झाला. आळीच्या तोंडाशी सूत आडवं होतं. आत्या आणि सगुणा लिंबाखाली बसल्या होत्या. तो गाडीवरून उतरला नाही. "एक सूत तर हाय, आत्या," तो म्हणाला. "परत सांध." आणि त्यानं खोंडं पुढे घातली. सूत तुटलं. तुटल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

आत्या त्याच्या पाठीकडे बघत म्हणाली, "सांधीन की. सांधता येतं, म्हणून तर सूत बांधलंय."

त्यानं ते ऐकलं की नाही, कुणास ठाऊक. त्या दिवशी चिंचेखालची जागा त्याला मिळाली.

पाप एकदा केलं की दुसऱ्यांदा त्याचं काही वाटत नाही. दर बाजाराला तो सूत तोडून जाऊ लागला. त्याचं बघून आणखी दोघे तोडू लागले, मग चौघे, मग जवळजवळ सगळेच. आत्याला आता उठून खाली वाकवत नव्हतं. म्हणून सूत तुटलं की सगुणा धावत जायची, मातीत पडलेली टोकं शोधायची आणि गाठ मारून पुन्हा बांधायची. सूत गाठींनी भरून गेलं. बापानं हे पाहिलं होतं. पोरगी खेळते आहे, असं त्याला वाटलं.

त्यांच्या शेजारी एक मवाळ विणकर राहत होता. सगळ्यांनी सोडलं तरी तो उतरायचा, फास सोडायचा, अडकवायचा. त्यामुळे बाजारात तो कायम शेवटी पोचायचा आणि दिवसभर उन्हात बसायचा. घरची माणसं त्याला टोचून बोलायची. तुम्ही एकटेच शहाणे, बाकीचं गाव वेडं, असं त्याला रोज ऐकावं लागायचं.

मग एका बाजाराला उतावळा विणकर नेहमीसारखा भरधाव निघाला. सूत तुटलं, खोंडांच्या खुरांनी धुळीचा लोट उठला. सगुणा लिंबाखालून उठली, वाटेच्या मधोमध बसली आणि दोन्ही टोकं हातात घेतली. मागून शेजाऱ्याची गाडी येत होती. त्या सकाळी तो घरातून बोलणी खाऊन निघाला होता. त्यानं पाहिलं, सूत तुटलेलं आहे. उतरायचं कारणच उरलं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा त्यानं आळीत बैलांवर चाबूक उगारला. पुढे धूळ होती. धुळीत काय आहे, ते त्याला दिसलं नाही.

निरोप बाजारात पोचला तेव्हा बाप चिंचेखाली सावलीत बसला होता.

पोरगी जगली. पण चाक उजव्या हातावरून गेलं होतं. वैद्यानं आठ दिवस लेप लावले, नवव्या दिवशी मान हलवली. तीन बोटं गेली, उरलेली दोन मिटेनात. तिच्या आईचं रडणं थांबलं नाही. आत्यानं अन्न सोडलं, आणि महिन्याच्या आत ती गेली. मरताना ती एवढंच म्हणत होती की मी त्या पोरीला गाठ शिकवायला नको होती.

वैद्यानं मान हलवली त्या दिवशी बाप काठी घेऊन शेजाऱ्याच्या दारात गेला. शेजारी उंबऱ्यातच बसला होता. आठ दिवसांत त्याची दाढी वाढली होती आणि डोळे खोल गेले होते. तो उठला नाही, त्यानं हातही आडवा धरला नाही.

"मार," तो म्हणाला. "मी नाय म्हणायचा नाय. पण खरं सांगतो, सूत तुटलेलं होतं. मला वाटलं, वाट मोकळी हाय."

बापाची काठी वरच राहिली. ते सूत कुणी तोडलं होतं, हे दोघांनाही माहीत होतं. काठी खाली आली, ती त्याच्याच पायाशी पडली. मग तो शेजाऱ्याच्या अंगणात मटकन बसला.

पुढच्या बाजाराला बापानं खोंडं गाडीला जुंपली नाहीत. पहाटेच लिंबाखाली जाऊन त्यानं सूत बांधलं आणि तिथंच उभा राहिला. त्याला पाहून पहिला गाडीवान उतरला. मग दुसरा उतरला. कुणी लाजेनं उतरलं, कुणी त्याच्या तोंडाकडे बघवेना म्हणून. त्या दिवसापासून आळीत कुणी गाडी पळवली नाही. परगावचे लोक म्हणू लागले, या आळीची माणसं फार शहाणी. कुणी असं म्हटलं की तो उठून आत जायचा.

आळी सुधारली, खोटं कशाला बोलू. पण जे शहाणपण एका सुतानं यायचं होतं, ते एका पोरीच्या हाताच्या मोलानं आलं, आणि असं आलेलं शहाणपण गोड लागत नाही.

सगुणा पुढे मोठी झाली. मागावर ती कधीच बसली नाही. सकाळी बाप सूत बांधायला जायचा तेव्हा ती सोबत जायची आणि लिंबाखाली आत्याच्या जागेवर बसायची. जुनं सूत कधी वाऱ्यानं तुटलेलं असायचं, कधी गुरांनी. बाप ते सांधायला बसायचा. लुगडी विणण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण या एका सुताची गाठ त्याला दोनदा सोडून पुन्हा मारावी लागायची.

"आधी ओलं कर, बा," ती हळूच सांगायची. "मग पीळ दे."

तो ओलं करायचा, पीळ द्यायचा. मग ती डाव्या हाताचं बोट गाठीवरून फिरवून बघायची. गाठ बोटाला लागायची. "जमली," असं ती रोज म्हणायची, आणि ती खोटं बोलते आहे, हे त्याला रोज कळायचं.

तात्पर्य: आपण घाईत मोडलेला नियम मागून येणाऱ्याला मोकळी वाट वाटतो, आणि त्या वाटेवर आपलंच लेकरू बसलेलं असू शकतं. तुटलेलं सूत सांधता येतं, माणूस सांधता येत नाही.